पुढचा खांदा

"जितू, खांदा दुखतोय म्हणून सांग," रघाकाका म्हणाला.

"नाही दुखत."

"म्हायत हाय मला. तरी सांग."

देवळाच्या मागे आम्ही दोघंच होतो. शिमग्याचे दिवस. काका पालखीच्या दांड्याला खोबरेल चोळत होता. दरवर्षी हे काम आम्ही दोघं मिळून करायचो. त्या दिवशी मी फडकं उचललं तर त्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं. रागाने नाही. गरम भांड्याजवळून पोराचा हात बाजूला करावा तसं.

"काका, मी पालखी धरणार."

"का धरणार?"

याला काय उत्तर द्यायचं? बाबा धरायचे म्हणून. ते गेल्यावर तूच मला त्यांच्या जागी उभा केलास म्हणून. वर्षभर मी कुठेही असलो तरी वाघजाईची पालखी खांद्यावर आली की मला मी सापडतो म्हणून. यातलं मी काही बोललो नाही. म्हणालो, "माझी जागा आहे ती."

काका चोळत राहिला.

त्याच्या मनात काय चाललं होतं ते कळायला दोन दिवस मागे जावं लागेल.

मी तेव्हा सव्वीसचा. चिपळूणला मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं माझं. कुणी शिकवलं नाही, फुटलेले फोन उघडून उघडून शिकलो. काकाने सावर्ड्याचं एक स्थळ आणलं होतं. शिमग्याला आलायस तर बघून घे म्हणाला. मी गेलो. नाही म्हणायची हिंमत नव्हती. मुलगी चांगली होती. पोहे देताना हळूच म्हणाली, "तुमचा चेहरा दात काढायला आल्यासारखा झालाय." मला हसू आलं. मग एकदम वाईट वाटलं. हिला फसवायचं का आपण?

परत येताना काकाच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. चढाला स्कूटर धापा टाकत होती. मी त्याच्या पाठीला सांगितलं. समोर असता तर जमलं नसतं.

"काका, मला मुलगी नको आहे."

"ही नको? दुसरी बघू."

"कुठलीच नको. मला... मुलगे आवडतात. एक आहे. शैलेश नाव आहे त्याचं."

काकाने स्कूटर बाजूला घेतली. स्टँडवर लावली. मग रस्त्याकडे बघत उभा राहिला.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"आजार नाही काका तो."

"कोणी बाहेरचं काय केलंय का?"

"नाही."

"चिपळूणच्या हवेनं?"

"काका, चिपळूण अर्ध्या तासावर आहे."

दुसरी वेळ असती तर तो हसला असता. त्याने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "देवीच्या पालखीला पुढनं खांदा देतंस तू," म्हणाला. एवढंच. मग स्कूटरला किक मारली. ती चालू होईना. मी उतरून ढकलली. तो एकदाही मागे वळला नाही.

त्यानंतर त्याने आमच्याकडचा चहा सोडला. काकाचं घर आमच्या घराला लागून, भिंत एकच. सकाळचा पहिला चहा तो आयुष्यभर आईच्या हातचा पीत आला. आई मला म्हणाली, "काय सांगितलंस रे त्याला? दोन दिवस झाले, माझ्या दारावरनं मान खाली घालून जातोय."

"काही नाही."

"काही नाही तर मग जाऊन माफी माग."

"कशाची?"

तिने माझ्याकडे बघितलं. आणि भाकरी उलटली.

पालखीचं एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे पालखीचा दांडा दोघं पुढून धरतात, दोघं मागून. पुढचे दोघं एका उंचीचे लागतात. नाहीतर सगळा भार एकावर येतो आणि नाचवताना पालखी कलते. आमच्या वाडीत उंच माणसं दोन. काका आणि मी. आधी काका आणि बाबा. म्हणजे पालखी धरायची तर माझ्या गालाला काकाचा गाल लागणार, माझा घाम त्याला लागणार. त्याला ते नको होतं. मला ते समजत होतं. आणि तरी मी हटत नव्हतो.

तेल लावून झाल्यावर काका म्हणाला, "बरं. मग यंदा खूण मी घालतो."

काकाने खूण घालणं म्हणजे काकाने पालखी सोडणं.

खूण म्हणजे नारळ. एक माणूस एकटाच जाऊन कापलेल्या भातशेतात कुठेतरी नारळ पुरतो. कुणाला सांगत नाही. मग पालखी शेतात नाचते, आणि देवी पालखी वाहणाऱ्या भोयांना ओढत ओढत बरोबर त्या जागेवर नेते. तिथं उकरायचं, नारळ निघतो. याचे दोन-तीन नियम. खूण हातानेच पुरायची, लोखंड लावायचं नाही. पुरणाऱ्याने ती निघेपर्यंत हात धुवायचे नाहीत, मातीचे हात घेऊनच उभं राहायचं. तो पालखीला हात लावत नाही. आणि पुढच्या भोयाने मध्येच खांदा सोडला तर खूण मोडली. त्या वर्षी मग कुणी शोधायची नाही, कुणी विचारायची नाही, पालखी गपचूप घराकडे वळवायची.

"ऐक," काका म्हणाला. "तुझ्या खांद्यावरनं आई वाघजाईनं खूण काढली, तर मी परत तोंड उघडणार नाय. नाय काढली, तर आपण होऊन खांदा सोडायचा. कायमचा. वाडीला मी काय एक सांगणार नाय."

"आणि माझ्या आईला?"

"तुझ्या आईला पण नाय. कबूल?"

मी कबूल म्हणालो.

लोक विचारतील, कबूल का म्हणालास. कारण मलाही बघायचं होतं. लहानपणी मी याच देवळात उभा राहून मागायचो, आई, मला बाकीच्यांसारखं कर. कितीतरी वर्षं मागितलं. तिने काही केलं नाही. मग मी मागणं सोडलं आणि नुसतं येऊन सांगायला लागलो. आज शैलेशशी भांडलो. आज त्याने माझ्यासाठी कोल्हापूरहून सुक्या मटणाचा डबा आणला. ती ऐकते असं वाटायचं. पण वाटणं आणि असणं वेगळं ना? काका म्हणतो ते खरं असलं तर? इतकी वर्षं ती मला नुसती सोसत असली तर?

दुसऱ्या दिवशी दुपार उतरल्यावर पालखी शेतात आली. ढोल, ताशे, बांधावर बायका, पोरं. माझ्या जोडीला पुढे दत्ता होता. उंचीला कमी, म्हणून खांद्यावर टॉवेलाच्या चार घड्या. मागून मंग्या ओरडला, "दत्त्या, टॉवेल कशाला, पाट घे खांद्यावर!" सगळे हसले. मंग्या माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला काही माहीत नव्हतं.

काका लांब, बांधाच्या टोकाला उभा होता.

ढोल वाजला आणि आम्ही उठलो.

ज्याने धरली नाही त्याला ओढ म्हणजे काय ते सांगणं कठीण आहे. पाण्यात उभं असताना पायाखालची वाळू सरकते तसं काहीतरी. तुम्ही जात नसता, नेलं जात असता. पण चार माणसं आहेत खांद्याखाली. कोण कुणाला नेतंय? मी लहानपणी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "विचारलंस की थांबते." त्या दिवशी मी सारखा विचारत होतो. ही ओढ तुझी आहे? का मंग्याची? का माझी?

पालखी आधी काजूच्या झाडाखाली गेली. झुकली. उकरलं. काही नाही.

मग खालच्या चोंढ्यात, सखल तुकड्यात. उकरलं. नुसती ढेकळं.

परत नाच. परत एक जागा. काही नाही.

ढोलवाले दमले. बांधावरच्या बायका कुजबुजायला लागल्या. महादूआबा, वाडीतला सगळ्यात म्हातारा गावकर, काठी आपटत म्हणाला, "आई रुसलेय. कुणाचं तरी काय तरी चुकलंय." झालं. सांगतेय ती. सगळ्यांसमोर सांगतेय.

मी डोळे मिटले. मनात म्हणालो, बरं. नको तर नको. तुला जिथे जायचं तिथे जा, मी नाही ओढत.

आणि पालखी वळली.

जोरात वळली. दत्ताचा टॉवेल पडला. आम्ही धावत बांधाकडे निघालो, सरळ काकाच्या अंगावर. काका मागे सरला. पालखी त्याच्या मागे. तो उजवीकडे झाला, पालखी उजवीकडे.

"रघाच्या पाठी लागली रे!" कोणीतरी ओरडलं. बायका हसायला लागल्या. "रघाभावजी, पळा!"

काका पळाला नाही. उभा राहिला. पालखी त्याच्यासमोर थांबली, झुकली आणि हलेना. मी दांड्याखाली, काका हातभर अंतरावर. दोघांना धाप लागलेली.

"त्याच्या पायाखाली बघा!" महादूआबा म्हणाला.

काका बाजूला झाला. पोरांनी उकरलं. हातभर खड्डा पडला. काही नाही.

ढोल थांबला.

"रघा," महादूआबा म्हणाला, "दिवस कलला. आता तूच दाखव कुठं घातलीस ती."

काका एक पाऊल मागे सरला. त्याचे हात पाठीमागे होते, मास्तरांनी छडी उचलल्यावर पोरगं लपवतं तसे. धोतर सावरायला त्याने एक हात पुढे घेतला आणि मला दिसला.

स्वच्छ होता. नखात माती नाही, बोटाला माती नाही. सकाळी डोक्याला लावलेल्या खोबरेलाने थोडा चकाकत होता.

त्याने खूण घातलीच नव्हती.

बाकी कोणाला दिसलं नाही. मी जवळ होतो म्हणून दिसलं. काकाने माझ्या नजरेकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं आणि हात परत मागे नेला.

मला राग यायला हवा होता. आला पण असेल. एक शब्द बोललो असतो, हात दाखव काका, तर संपलं होतं. देवीला फसवलं म्हणून त्याचा मान गेला असता, सात पिढ्या बदनामी झाली असती. आणि मी जिंकलो असतो. देवीने सगळ्यांसमोर त्याला धरून दिलं होतं, माझ्या खांद्यावरून. याहून मोठा कौल कुठला पाहिजे?

पण तो तसा उभा होता ना, हात लपवून. साठीचा माणूस.

मी गुडघा टेकला. दत्ता ओरडला, "अरे, अरे!" मागून मंग्याने कशीतरी पालखी सावरली.

"खांदा गेला माझा," मी म्हणालो. "सकाळपासून दुखतोय. देवीची ओढ नव्हती, मीच भरकटत होतो. सोडतो मी."

गलका झाला. कोणी म्हणालं, आधी सांगायला काय झालं होतं? कोणी म्हणालं, एसीत बसून बसून मऊ झालाय. माझ्या दुकानात एसी नव्हता, पंखासुद्धा घरघर करायचा. महादूआबा म्हणाला, "खूण मोडली. वळवा पालखी." आणि माझ्याकडे बघून थुंकला. माझ्यावर नाही, बाजूला. पण माझ्यासाठीच.

माझ्या जागी कोणीतरी शिरलं. मी बांधावर बसून राहिलो. पालखी गेली. काका तिच्या मागे गेला.

मला काहीच कळत नव्हतं. मी चांगलं केलं का घाबरलो? देवीने मला जवळ केलं होतं, आणि मीच तिला खाली ठेवून आलो होतो का? शैलेशला फोन लावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू जिंकत होतास आणि आऊट नसताना निघून गेलास?" मी म्हणालो, "तसंच काहीतरी." तो म्हणाला, "रडतोयस का?" मी फोन ठेवला.

दिवेलागणीच्या आधी काका आला. शेजारी बसला नाही, जरा लांब बसला. एक ढेकूळ उचलून हातात फोडत राहिला. आता हात मातीचे झाले त्याचे.

"का केलंस?"

"तुझे हात दिसले मला."

"म्हायत हाय. म्हणून तर विचारतंय."

"तू काय करणार होतास काका? महादूआबांनी विचारलं तेव्हा?"

"काय म्हायत." ढेकूळ संपलं. त्याने दुसरं घेतलं. "मला वाटलं, नाय घातली तर निघायची नाय. तू आपण होऊन जाशील. कोणाला कळायचं नाय, तुझी पण लाज राहील. मी... तुझ्या बापाच्या जागेवर तुला मीच उभा केला रे. उद्या वर गेल्यावर तो मला विचारील."

"काय विचारतील?"

काकाने ढेकूळ खाली टाकलं. मग एकदम म्हणाला, "खरं सांग. तू आणलीस तिला माझ्या अंगावर?"

"नाही."

"शपथ?"

"काका, मला खरंच माहीत नाही. मी डोळे मिटले होते. मी ओढलं नाही असं मला वाटतं. पण माझ्या मनात तूच होतास सगळा वेळ. मग पाय गेले असतील तिकडे तर?"

काकाने मान हलवली. कशासाठी ते कळलं नाही.

"तुझं ता मला पटत नाय," तो म्हणाला. "आज पण नाय पटत."

"बरं."

"बरं काय बरं? भांड की जरा!"

"तुझ्याशी काय भांडू? तीन दिवस चहा नाही घेतलास तर चेहरा बघ कसा झालाय."

तो उठला, धोतर झटकलं. "चल," म्हणाला. पण मी उठायची वाट न बघता निघाला.

दुसऱ्या दिवशी पालखी आमच्या दारात आली. मी भोयांमध्ये नव्हतो. ठरल्याप्रमाणे. ओटीवर खांबाला टेकून उभा होतो, आणि येणारा जाणारा विचारत होता, खांदा कसा आहे? मी म्हणत होतो, बरा आहे. आई बाजूला ओटीचं ताट घेऊन.

पालखी दारात टेकली की त्या घरासाठी गाऱ्हाणं घालतात. आमच्या भावकीचं गाऱ्हाणं काका घालतो. म्हणजे तो मोठ्याने देवीशी बोलतो, घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन मागतो, आणि प्रत्येक मागण्यावर बाकी सगळे ओरडतात, व्हय म्हाराजा.

काकाने हातात नारळ धरला.

"हे आई वाघजाई! आज वर्षाचा शिमगा, तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरची लक्ष्मी, माझी वयनी, तिचे गुडघे दुखतात, तिला चालती फिरती ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"काल खुणंच्या टायमाला काय चुकलं असंल, तर ता माझं चुकलं. पोराच्या माथी मारू नको."

गाऱ्हाण्यात चुकलंमाकलं असतंच. कोणाला काही वेगळं वाटलं नाही. "व्हय म्हाराजा!"

"आणि हा जितू..."

काका थांबला. दरवर्षी इथे एकच मागणं असायचं. मंग्या मागून हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लगीन, लगीन." लोक हसले. काका हसला नाही. तो पालखीकडे बघत होता.

"हा जितू," तो परत म्हणाला. "ह्याचं काय ता तुला म्हायत हाय आई. मला तेवढी अक्कल नाय. मी काय मागू? तू बघ. त्याचा खांदा तुझा हाय. बरा झाला की परत पुढं घे त्याला. आणि कोण त्याला तुझ्या दारातनं हाकलाय बघंल, तर त्याला तू आडवी हो. मी असलो तरी आडवी हो."

ओरडायला सगळ्यांना क्षणभर उशीर झाला. बहुतेक वाक्य लांबलं म्हणून. मग सवयीने सगळे एकदम ओरडले, मंग्या सगळ्यात मोठ्याने, "व्हय म्हाराजा!"

ढोल सुरू झाला. मी काकाकडे बघत होतो, काका पालखीकडे. त्याने मागितलं ते त्याला पटलं होतं का, मला कळत नव्हतं. अजूनही कळलेलं नाही.

मला पण म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही.

आई माझ्या बाजूला होती. तिने ताट खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही, समोरच बघत राहिली. आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, ढोलाच्या आवाजात, एकटीच म्हणाली,

"व्हय म्हाराजा."